तेवढीच ओळख

दर रविवारी मिस्सा, म्हणजे आमची सकाळची उपासना, संपली की चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी नव्या माणसांचा वर्ग घेते. नवी माणसं म्हणजे ज्यांना आमच्या श्रद्धेची ओळख करून घ्यायची आहे अशी. कोणी कॅथलिक मुलीशी लग्न ठरलंय म्हणून येतं, कोणी नुसत्या कुतूहलाने चार रविवार येऊन पाचव्याला दिसेनासं होतं, आणि एखादंच वर्षभर टिकून ईस्टरला बाप्तिस्मा घेतं. रत्नागिरीत आम्ही कॅथलिक मूठभर. त्यामुळे वर्गाला तीन माणसं आली तरी फादरांना खोली भरल्यासारखी वाटते.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाले त्याच वर्षी फादर म्हणाले, "बाई, तुम्हांला शिकवायची सवय आहे, हा वर्ग तुम्हीच घ्या." सवय होती हे खरं. त्या सवयीचा मला गर्वही होता. देव एक आहे पण तीन व्यक्तींत आहे, हे मी फळ्यावर त्रिकोण काढून इतकं छान समजावत असे की मला स्वतःलाच ते समजलंय असं वाटायचं.

या वर्गाबद्दल मी चर्चबाहेर कोणाशी बोलत नसे. रविवारी सकाळी कुठे असतेस असं कोणी विचारलं तर "चर्चमध्ये जरा काम असतं" एवढंच. धर्म शिकवते म्हटलं की लोक काय अर्थ काढतील, बाटवाबाटवी म्हणतील, असं मनात यायचं. खरं सांगायचं तर मला तसं कधी कोणी म्हणालं नव्हतं. पण कोणी न म्हटलेल्या गोष्टीला घाबरण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

शाळेतल्या माझ्या मैत्रिणी कौतुकाने म्हणत, "तुझ्याकडे बघून वाटतच नाही गो, तू ख्रिश्चन आहेस." मी त्यांच्या हळदीकुंकवाला जाई, गणपतीत त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मोदक वळी. माझ्या मोदकाच्या कळ्या त्यांच्यापेक्षा सुबक येत, हे त्या स्वतःच सांगत. यात लाजण्यासारखं काही नाही, ते सगळं मला मनापासून आवडतं. लाज याची वाटते, की ते "वाटतच नाही" ऐकून मी खूश होत असे. घरी येऊन नवऱ्याला सांगत असे.

गेल्या वर्षी वर्गात तिघं होती. एक मुलगा आणि एक मुलगी लग्नाच्या निमित्ताने आलेली, दोघं वेगवेगळ्या घरची. तिसरी एक मासळीवाली, मिरकरवाड्याच्या बंदरावर बसणारी. वयाने माझ्याच आगेमागे. ती मला बाई म्हणायची, तुम्ही म्हणायची. मी तिला पहिल्या दिवसापासून तू म्हणत होते. त्या दुसऱ्या दोघांना, जी माझ्या मुलांच्या वयाची होती, त्यांना मात्र तुम्ही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे विचारलं, इथे यावंसं का वाटलं? मुलाने सांगितलं, होणाऱ्या बायकोचा देव समजून घ्यायचा आहे. मुलगी म्हणाली, प्रार्थना आवडतात.  ही पदराने तोंड पुसून म्हणाली, "बाई, मी बारा वर्सं फादरांच्या सैपाकघरात मासली देत्ये. दिली की पाय दुखत्यात म्हनून तुमच्या देवळात मागल्या बाकावर बसत्ये. पाटी भायेर पायरीवर ठेवत्ये, आत आनत न्हाय. बारा वर्सांत कोन मला उठ म्हनालं न्हाय."

"बरं, आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? बसल्या बसल्या ऐकत ऱ्हायले. आता वाटतंय, नीट ऐकावं."

मी हसून म्हटलं की हे कारण झालं नाही, श्रद्धा म्हणजे पाय दुखतात म्हणून टेकण्याची जागा नव्हे. मुलगा-मुलगीही हसली. ती पण हसली, आम्ही हसतोय म्हणून.

वर्ग सुरू झाला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाठांतर जबर. बंदरावर लिलावात कोणी किती बोली लावली हे संध्याकाळपर्यंत डोक्यात ठेवायची सवय, त्यामुळे विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली देणारी लांबलचक प्रार्थना, तिने तीन रविवारांत तोंडपाठ केला. उच्चार मात्र तिचे. मी प्रत्येक 'न'चा 'ण' करून घेत होते. देव ते उच्चार समजून घेत असणार, पण माझ्यातली मास्तरीण घेत नव्हती.

एकदा तिने विचारलं, "बाई, ख्रिस्तसभा म्हंजे चर्चची इमारतच ना?"

या प्रश्नाची मी वाटच बघत असते. मी सांगितलं की ख्रिस्तसभा म्हणजे इमारत नव्हे, माणसं. या जांभ्याच्या भिंती उद्या पडल्या तरी ख्रिस्तसभा पडत नाही. बाप्तिस्मा घेतला की आपण एका घरची माणसं होतो, गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी असा भेद उरत नाही, एकमेकांना ओळख देणं हेच तिथलं पहिलं काम. फार छान बोलले मी त्या दिवशी. मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. हिने उतरवलं नाही, नुसतं ऐकलं, आणि खरं मानलं.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्त काळ सुरू झाला तेव्हा मी त्यांना धर्ममातेची रीत समजावली. मोठ्या वयाच्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचा तर त्याच्यासोबत एक धर्ममाता किंवा धर्मपिता लागतो, आधीपासून श्रद्धेत असलेला. आमच्याकडे फादर सगळ्या लोकांसमोर विचारतात, या माणसाला कोण ओळखतं, याच्याबद्दल कोण साक्ष देतं? मग धर्ममाता उभी राहते, आपला उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवते आणि मोठ्याने सांगते, मी ओळखते, मी साक्ष देते. मी त्यांच्याकडून सरावही करून घेतला. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून मीच ते वाक्य म्हणून दाखवलं. "असं मोठ्याने म्हणायचं," मी म्हटलं, "तोंडातल्या तोंडात पुटपुटलेली साक्ष साक्ष नसते."

चर्च झाडायला येणारी मावशी तेव्हा दारात झाडू घेऊन उभी राहून ऐकत होती. मी तिला, "मावशी, नंतर झाडा," असं म्हणाले.

पुढच्या शुक्रवारची गोष्ट. प्रायश्चित्त काळातल्या शुक्रवारी आम्हांला मटण-कोंबडी वर्ज्य, मासळी चालते. रत्नागिरीत जन्मलेल्या कॅथलिकाला या प्रायश्चित्ताचा त्रास कधी झालाय असं मला आठवत नाही. शाळेतली माझी एक जुनी मैत्रीण तिच्या स्कूटरवरून बंदरावर निघाली होती, मीही मागे बसले. तिचं घराणं इथलं पिढ्यान् पिढ्यांचं, हापूसची मोठी बाग, शाळेत ती गणित शिकवायची. तीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबे खाल्ले. बाकी कोणाच्या मताची नसेल इतकी मला तिच्या मताची भीती.

ऊन चढलं होतं. बर्फाच्या पाण्याने बंदरावरची वाट चिकचिकीत झाली होती. मासळीवाली तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात बांगडा आणि एक चांगली सुरमई. शेजारी तिच्या दोन सोबतिणी. मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. ती बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाली, "बाई! फादर म्हनले धर्ममातेचं नाव द्या. मी तुमचं नाव सांगितलं. चालल ना?"

एका क्षणात मला सगळं दिसलं. सोबतिणींनी वळवलेल्या माना, बर्फ फोडणारा थांबलेला माणूस, आणि माझ्या खांद्यामागे उभी असलेली मैत्रीण. कोणीच काही म्हटलं नव्हतं. 

"कसलं नाव?" मी म्हटलं.

"धर्ममातेचं. तुमी वर्गात..."

"दुसरी कोणी बाई असेल ती. बांगडा कसा दिलास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं मला बंदराच्या गलक्यात नीट ऐकू आलं नाही. ती पुन्हा काही बोलायला लागली तेव्हा मी मैत्रिणीकडे वळून हसले. ते हसू मला अजून आठवतं, ते मला माझ्या तोंडावरून पुसून काढता आलं तर बरं होईल. मी म्हणाले, "हिला मीच सापडते. मी मासे घेते हिच्याकडून, तेवढीच ओळख."

 मैत्रीण खाली वाकून सुरमईचा कल्ला उघडून बघत होती.

मासळीवालीने मान खाली घातली. एकेक बांगडा उचलून पिशवीत घालायला लागली. मग सोबतिणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय, चुकलं माजं. उन्हानं डोळं दिपलं. ती बाई येगळी."

मी खोटं बोलले आणि तिने ते माझ्यासाठी खरं करून दिलं. वर दोन बांगडे जास्त टाकले. मी ते घेतले. "नको" म्हणायचं सुद्धा मला सुचलं नाही.

घरी येऊन मी बांगडे तळले. नवरा म्हणाला, ताजे आहेत. मी प्रत्येक घासाला पाणी पीत होते, पण खाल्ले. ते जास्तीचे दोन मांजराला घातले असते तर निदान आज सांगायला तेवढं तरी असतं. शुक्रवारचं प्रायश्चित्त मी पोटभर केलं.

दुपारी मी स्वतःशी बरेच हिशेब जुळवून पाहिले. बाजार ही काय बोलायची जागा आहे? तिने आधी एकटीला गाठून विचारायला हवं होतं. धर्माच्या गोष्टी नाजूक असतात, तिच्या घरच्यांनाही त्रास झाला असता, मी तिच्याच भल्यासाठी बोलले. हे शेवटचं मला पटायला आलं होतं, तेवढ्यात आठवलं की तिने घरी केव्हाच सांगितलंय. फादरांचा तसा नियमच आहे, मोठ्या माणसाने घरच्यांना सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिचा मुलगा आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. मग एका सकाळी जाळं शिवता शिवता म्हणाला, तुझं तू बघ, पण देव्हाऱ्यातले देव हलवायचे नाहीत. ती म्हणाली, मी कशाला हलवू, तुझे आहेत. दोघी सोबतिणींनाही तिने सांगितलं होतं. त्यातली एक महिनाभर तिच्याशेजारी बसली नव्हती, मग पुन्हा येऊन बसली. हे सगळं तिने वर्गात सांगितलं होतं. म्हणजे तिने जे बोलायचं ते भर बंदरावर, आपल्या माणसांत, आपल्या पोटापाण्याच्या जागी बसून बोललं होतं. आणि मी, माझं पेन्शन चालू, घर माझं, कोणाच्या अध्यात ना मध्यात, मला ते एका स्कूटरच्या मागच्या सीटपायी जमलं नाही.

रविवारी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. खोटं कशाला सांगू, येऊ नये असंही वाटत होतं.

ती आली. नेहमीच्या जागी बसली. वर आणखी, धड्यांच्या क्रमाने त्या रविवारी नेमकी पेत्राची गोष्ट आलेली. दरवर्षी या सुमाराला मी ती घेते. येशूचा सगळ्यांत जवळचा शिष्य पेत्र, ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभी राहिली, तोच येशूला पकडून नेल्यावर अंगणात शेकोटीजवळ उभा राहून तीनदा म्हणतो की मी त्या माणसाला ओळखत नाही. आणि येशूने आधीच सांगितलं होतं तसा कोंबडा आरवतो.

मी म्हटलं, "आज आपण प्रार्थनेची उजळणी करू."

"पेत्राची गोष्ट सांगनार व्हतात," ती म्हणाली. "गेल्या ऐतवारी म्हनलात, तो आमच्यातलाच, जाळी टाकनारा."

मुलीनेही वही उघडली. मी सांगायला लागले. पहिल्यांदा तो काय म्हणाला, दुसऱ्यांदा काय, तिसऱ्यांदा काय. शुक्रवारी मी मोजलं नव्हतं, ते फळ्याजवळ उभं राहून मोजलं गेलं. कसलं नाव. दुसरी कोणी बाई असेल. मासे घेते, तेवढीच ओळख.  लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना कितीदा वाक्यात उपयोग करायला दिली असेल. मी खडू ठेवून पुस्तकातूनच वाचायला लागले, म्हणजे मान वर करावी लागणार नाही.

"कोंबडं झाकलं म्हनून उजाडायचं थोडंच ऱ्हातंय," ती मध्येच म्हणाली.

मी चमकून बघितलं. चोराच्या मनात चांदणं. तिच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. ती पेत्राबद्दलच बोलत होती, आणि तिला त्याची दया आली होती. "घाबारला असंल वो तो," ती मुलाला म्हणाली. "मोठी मानसं समोर उभी. घाबारतंय मानूस."

मग तिने विचारलं, "येशू त्याला पुन्ना भेटला का?"

भेटला. मी तेही वाचलं. पुन्हा जिवंत झाल्यावर येशू पहाटे समुद्राकाठी उभा असतो. पेत्र आणि बाकीचे होडीत, जाळं टाकून दमलेले. काठावर त्याने कोळशाचा विस्तव पेटवलेला, त्यावर मासे, बाजूला भाकरी. या, जेवा, म्हणतो. जेवणं होतात, आणि मग तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे का?

मी नेहमी इथे 'प्रीती' या शब्दावर थांबून बोलते, वीस मिनिटं तरी. ती त्याच्या आधीच बोलली.

"म्हंजे आधी खायला घातलंन. मग विचारलंन. उपाशी मानसाला विचारलं न्हाय त्यानं."

इतकी वर्षं मी हा उतारा शिकवतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं. मासे भाजून ज्याने कोणाची वाट बघितलीय त्यालाच ते दिसत असणार. आणि मला त्याच क्षणी ते दोन जास्तीचे बांगडे आठवले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. खोलीत तिघंच माणसं होती. मी म्हणायला हवं होतं की परवा बंदरावर मी तुला ओळख दिली नाही, मला क्षमा कर. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी विश्वासांगीकार पुन्हा एकदा म्हणून घेऊ." ती उठली, पायरीवरची पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

त्याच आठवड्यात बागवाली मैत्रीण पहिल्या तोडीचे सहा आंबे घेऊन आली. दरवर्षी आणते. आंबे टेबलावर मांडून झाल्यावर ती बसली आणि म्हणाली, "एक विचारू? परवा बंदरावर तू तसं का केलंस?"

"कसं?"

"अगो, मला माहीत आहे सगळं. ती माझ्याकडेही मासळी घालते, विसरलीस? वर्षभर सांगत्ये मला. आज बाईंनी हे शिकवलं, आज बाईंनी ते शिकवलं. मला तो त्रिकोण सुद्धा सांगून झालाय तिचा."

मी टेबलावरचे आंबे उगाच एका ओळीत लावायला लागले.

"माझ्यामुळे केलंस ना?" ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तुला वाटलं मी काय म्हणेन? तीस वर्षं तुझ्या घरचा नाताळचा फराळ खाल्लाय मी. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा तू उशाशी बसून तुझी माळ जपत होतीस, मी तुला थांबवलं होतं? इतकी वर्षं तू मला अशी समजत होतीस?"

एका वाक्यात मी दोघींना नाकारलं होतं. एकीला ओळखत नाही म्हणाले, आणि दुसरीला तीस वर्षांत खरंच ओळखलं नव्हतं. मी रडले. मैत्रिणीने मला रडू दिलं, समजूत घातली नाही. जाताना फक्त म्हणाली, "मला नको सांगू काही. तिला जाऊन सांग."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेले. रिक्षाने, एकटी. ती मासळी साफ करत होती, सोबतिणी शेजारीच होत्या. मी उभ्यानेच म्हटलं, आणि या वेळी मोठ्याने म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हांला ओळख दिली नाही. माझं चुकलं. मला तुमची धर्ममाता व्हायला आवडेल."

तिने कोयता खाली ठेवला. "अवो बाई, अहो-जाहो कुठं करताय," असं म्हणून ती हसायलाच लागली. मग हसणं थांबवून, हात पाण्यात बुचकळून, पदराला पुसून ती उभी राहिली.

"मी दुसरं नाव दिलं, बाई. त्याच ऐतवारी, वर्ग सुटल्यावर. झाडनाऱ्या मावशीचं. तुमास्नी तरास नको म्हनून." आणि माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "रागानं न्हाय हां. देवाशप्पथ न्हाय."

रागाने नाही हे मला दिसत होतं. रागाने असतं तर मला भांडता आलं असतं, समजूत काढता आली असती. त्याच रविवारी, म्हणजे तिने मला वर्गभर वेळ दिला होता. पेत्राची गोष्ट काढून दिली होती, तो घाबरला असेल असं त्याच्या बाजूने बोलली होती. मी प्रार्थनेची उजळणी घेत बसले.

"मावशी चांगली आहे," मी म्हटलं.

"हाय ना," ती म्हणाली. "बारा वर्सं मला पानी देत्ये."

बाप्तिस्मा खरा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत असतो, पण बंदरावरच्या बायकांनाही येता यावं म्हणून तिने फादरांना विनवलं आणि त्यांनी तो ईस्टरच्या सकाळच्या मिस्सेत ठेवला. मी मुद्दाम थोडी उशिरा गेले. खरं म्हणजे पुढे बसायचा मला धीर नव्हता. पाहते तो चर्च गच्च. पहिल्या बाकावर ती, नव्या पांढऱ्या साडीत, शेजारी झाडणारी मावशी आणि सून. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, पण आला होता. दुसऱ्या बाकावर बंदरावरच्या त्या दोन सोबतिणी, केसांत अबोलीचे वळेसर माळून. आणि त्यांच्या शेजारी, ठेवणीतल्या साडीत, माझी गणिताची मैत्रीण. तिला मासळीवालीने स्वतः घरी जाऊन बोलावलं होतं. ज्या माणसांच्या धाकाने मी तोंड फिरवलं होतं ती सगळी पुढे बसली होती, आणि साक्ष द्यायला शिकवणारी मी मागे खांबाआड उभी.

फादरांनी विचारलं, हिला कोण ओळखतं? हिच्याबद्दल कोण साक्ष देतं?

मावशी उठली. झाडूने घट्टे पडलेला तिचा हात त्या पांढऱ्या साडीच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी वळखते. मी साक्ष देते." मी शिकवलं होतं तसंच, अगदी मोठ्याने. मागे खांबापर्यंत ऐकू आलं. मी वर्गात जिला नंतर झाडा म्हणाले होते, तिने दारात उभं राहून धडा पुरता घेतला होता.

पाणी ओतलं गेलं. मेणबत्ती पेटली. ओल्या केसांनी ती बाकाकडे परत आली आणि बसता बसता तिची नजर मागे गेली. मी खांबाआड सरकायच्या आत तिने मला बघितलं. तिने हाताने बोलावलं. मी मान हलवून नको म्हटलं. ती तशीच उभी राहिली, मेणबत्ती हातात, आणि पुन्हा बोलावलं. फादर थांबले होते. सगळे वळून बघायला लागले. मला जावं लागलं.

चर्चच्या मधल्या वाटेने मी असंख्य वेळा चालले आहे, नवरी होऊन सुद्धा. त्या दिवशी ती वाट फार लांब होती. मी पहिल्या बाकापाशी पोचले तेव्हा मावशी सरकली, ती सरकली, आणि तिने बाकावर हात आपटून म्हटलं, "बसा."

मी बसले. मागच्या बाकावरची एक सोबतीण पुढे वाकून तिला कुजबुजत म्हणाली, "काय गो, त्या दिवशी बंदरावर तू येगळी बाई म्हनलीस, ती हीच ना?"

तिने मागे वळूनही बघितलं नाही. मेणबत्तीवर हाताचा आडोसा धरत ती म्हणाली, "ह्या माज्या बाई. मी वळखत्ये."